चाळीस मिनिटांचं अंतर

जेपुटीने तो कागद काढला तो मंगळवार होता, आणि मंगळवारी ऑफिसचा प्रिंटर चालू असणं हाच त्याला शुभशकुन वाटला. कागदावर दोनच ओळी होत्या. पाँड इनलेट विमानतळ ते आर्क्टिक बे विमानतळ, अंतर दोनशे एकतीस किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ, चाळीस मिनिटं. जेपुटी बर्फाळ उत्तरेतल्या पाँड इनलेट गावच्या कचेरीत बावीस वर्षं कारकून होता. पाण्याच्या टँकरच्या तक्रारी आणि कुत्र्यांचे बिल्ले ही दोन खाती त्याच्याकडे होती. छापील आकड्यावर त्याची इतकी श्रद्धा होती, की खिडकीबाहेरचा थर्मामीटर पाहिल्याशिवाय त्याला थंडीसुद्धा वाजत नसे. त्याने कागदाची चौपदरी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

हा आकडा शोधायचं कारण अकरा आठवड्यांचं होतं. जेपुटीची मुलगी सूसी आर्क्टिक बेला दिलेली. तिला मुलगा झाला आणि तिने त्याचं नाव आग्लाक ठेवलं. आग्लाक हे जेपुटीच्या वडिलांचं नाव. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की तो माणूस परत आला, त्याची सगळी नाती घेऊन आला, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे ते पोर जेपुटीचा नातूही होतं आणि बापही. जेपुटी फोनवर त्याला अदबीने ‘बाबा’ म्हणे, मग पलीकडे बाळ झोपलेलं का असेना. आणि जेपुटीची आई कूनू, वय वर्षं एक्याऐंशी, नवऱ्याला साठ वर्षं जे म्हणत आली तेच म्हणे.

“म्हातारा दूध पितो ना नीट?” ती दर रविवारी फोनवर विचारी. “आणि त्याला कानटोपी घालू नका. त्याला ती कधीच आवडली नाही.”

पण नाव ठेवल्याची बातमी पहिल्यांदा आली तेव्हा कूनूने चहाचा कप खाली ठेवला होता आणि म्हणाली होती, “मला त्याला एक गोष्ट सांगायचीय. फोनवर नाही. समोर बसून.”

कोणती गोष्ट, ते कुणी विचारलं नाही. साधारण ठाऊक सगळ्यांना होतं. दोन वर्षांपूर्वी कूनू डोळ्याच्या ऑपरेशनला इकालुइटला गेली होती. इकालुइट म्हणजे हजार किलोमीटर दक्षिणेला. आमची सगळी दुखणी तिथेच जाऊन बरी होतात. “तीन दिवसांत येते,” असं ती दारातून म्हणाली आणि आग्लाक हार्पूनचं, म्हणजे शिकारीच्या भाल्याचं, पातं घासत होता, त्याने मान वर केली नाही. चौथ्या दिवशी हवा बिघडली ती नऊ दिवस बिघडलेलीच राहिली. सातव्या दिवशी आग्लाक गेला. कूनू उतरली तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. त्यानंतर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि विमानाचं नाव काढलं की नाक आक्रसायची. नाक आक्रसलं म्हणजे नाही, दोन्ही भुवया वर गेल्या म्हणजे हो. एवढ्यासाठी तोंड उघडणारा माणूस आमच्याकडे एक तर दक्षिणेतून आलेला मास्तर असतो नाहीतर नर्स.

तर मंगळवारी संध्याकाळी जेपुटीने आईपुढे कागद उलगडला आणि बोट ठेवून आकडा वाचून दाखवला.

“चाळीस मिनिटं?” कूनूने विचारलं.

“छापलंय तसं.”

“मांस शिजायला याहून जास्त लागतात,” ती म्हणाली. बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या कागदाकडे तिने फार आशेने पाहिलं. मग तिच्या भुवया वर गेल्या.

त्याच वेळी जेपुटीचा मेहुणा गमेली न सांगता-सवरता आत आला, कारण दार वाजवायची पद्धत आमच्यात नाही. गमेली शिकारी. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते नेमकं जेपुटीला झोंबेल असं.

“स्लेजने जा, दाजी,” तो चहा ओतून घेत म्हणाला. “दोन मुक्काम. मे महिना आहे, बर्फ पक्का आहे.”

“आई एक्याऐंशी वर्षांची आहे.”

“म्हणूनच म्हणतो. मी नेतो. तू मागे पेटीत बस, तुला सवय आहे.”

ही सवय कशी लागली ते सांगणं भाग आहे. मागच्या वसंतात जेपुटी स्वतःच्या स्नोमोबाइलवरून, नकाशा घेऊन, एकटा निघाला होता. चाळीस किलोमीटरवर इंजिन बसलं. गमेलीने त्याला शोधलं आणि स्लेजवरच्या लाकडी पेटीत, तोंड मागे करून, बसवून आणलं. गावात शिरताना सगळी मुलं बाहेर उभी होती, कारण ती बातमी दुपारीच रेडिओवर सांगून झाली होती. जेपुटी तेव्हापासून बर्फाच्या प्रवासाविषयी तत्त्व म्हणून बोलत नसे.

“आपण विमानाने जाणार,” तो म्हणाला. “हा कागद आहे.”

गमेलीने कागद वाचला, उलटा करून पाहिला, मागे काही नाही हे बघून परत दिला. लीटिया, म्हणजे जेपुटीची बायको, भाकरी तव्यावर उलटत एवढंच म्हणाली, “आधी विमान आहे का ते तर विचार.”

पण जेपुटी विचारायच्या आत कूनूने बुधवारी दुपारी गावच्या रेडिओला फोन लावला. तिथे कुणीही फोन करून काहीही सांगावं असा रिवाज आहे. हरवलेला हातमोजा, वाढदिवस, उरलेलं सीलचं मांस. कूनूने हळू, स्पष्ट आवाजात सांगितलं, “माझा जेपुटी मला आमच्या म्हाताऱ्याला भेटवायला नेतोय. चाळीस मिनिटं लागतात. त्याने कागद आणलाय.” सोळाशे माणसांच्या गावाने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी येऊन चहा घेतला आणि सल्ला दिला. कुणी म्हणालं खिडकीजवळ बसव, कुणी म्हणालं डाव्या खिडकीजवळ बसव, आणि एका म्हाताऱ्याने तर चाळीस मिनिटांत डुलकी काढू नये, उतरायचं राहून जाईल, असं बजावलं.

गुरुवारी जेपुटीने विमान कंपनीला फोन केला.

“पाँड इनलेट ते आर्क्टिक बे ना?” पलीकडची मुलगी म्हणाली. “आधी इकालुइट. तिथून मग आर्क्टिक बे.”

“अहो, पण इकालुइट हजार किलोमीटर मागे. आणि परत वर यायचं तर बाराशे. इथून सरळ दोनशे एकतीसच आहे. चाळीस मिनिटं.”

“हो, बरोबर आहे तुमचं. चाळीसच मिनिटं लागतात.”

“मग?”

“विमान जात नाही.”

जेपुटीने रिसीव्हर खाली ठेवला. त्या मुलीचं उत्तर इतकं निर्दोष होतं की त्यावर तक्रार अर्ज लिहायलाही जागा नव्हती. हे त्याला आधी माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडची सगळी विमानं आधी इकालुइटलाच जातात हे पोराटोरांना माहीत आहे. पण छापील आकडा समोर आला की माहीत असलेल्या गोष्टी जेपुटीला दिसेनाशा होत. आता रेडिओवर घोषणा झालेली. माघार घेतली तर गमेलीची पेटी. त्याने दोन तिकिटं काढली आणि घरी सांगितलं, “वाटेत इकालुइटला थोडं थांबावं लागेल.”

कूनूने त्याच्याकडे पाहिलं. “किती थोडं?”

“फार तर दोन दिवस.”

नाक आक्रसावं की भुवया उचलाव्या हे बहुधा तिचं ठरत नव्हतं.

सोमवारी ते निघाले. गमेलीने नार्व्हाल देवमाशाच्या गोठवलेल्या, खायच्या कातडीचं वीस किलोचं खोकं सूसीसाठी दिलं होतं, ते मालवाहू सामानात टाकलं. इकालुइटला उतरल्यावर मात्र पहिल्याच पायरीला घोटाळा झाला. दाराशी एक ड्रायव्हर हातात यादी घेऊन उभा होता. रुग्णांना मुक्कामाच्या घरी नेणारी त्याची गाडी. यादीत लिहिलेलं, पाँड इनलेटहून एक वृद्ध स्त्री, सोबत मुलगा. गुडघा दाखवायला येणारी ती खरी वृद्ध स्त्री त्या दिवशी आलीच नव्हती.

“आम्ही आजारी नाही,” जेपुटी म्हणाला.

“इथे पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात,” ड्रायव्हर मायेने म्हणाला आणि कूनूला हात देऊन गाडीत बसवलं.

मुक्कामाच्या घरात माशाचं गरम सार होतं, आणि कूनूला ते आवडलं. त्यांनी तिचं ओळखपत्र ड्रॉवरमध्ये ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जेपुटी टँकरच्या एका तक्रारीबद्दल गावी फोन करत होता तेवढ्यात, तिच्या गुडघ्याचा फोटो काढला. गुडघा उत्तम निघाला. त्या गुडघ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण जेपुटी ओळखपत्र मागायला गेला तेव्हा खिडकीमागची बाई म्हणाली, “आधी रजेचा कागद आणा.”

“तो कोण देतं?”

“डॉक्टर. पण तुमच्या आईच्या नावाने कुणी दाखल झालेलंच नाही. दाखल नाही तर रजा कशी देणार?”

“म्हणजे तिला दाखल करू?”

“आजारी आहेत का त्या?”

“नाही.”

“मग दाखल नाही करता येणार.”

जेपुटी खिडकीसमोर उभा राहिला. मनातून त्या बाईचं काम त्याला आवडलं. त्याने स्वतः एका माणसाला असंच परत पाठवलं होतं. त्या माणसाचा कुत्रा मेला होता, आणि जेपुटीने सांगितलं होतं की मेलेल्या कुत्र्याचं नाव वहीतून काढायचं तर आधी त्याचा बिल्ला घ्यावा लागेल. तो माणूस किती वेळ उभा राहिला होता ते आज त्याला आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं. ओळखपत्र गुरुवारी मिळालं. आर्क्टिक बेचं विमान बुधवारी गेलं होतं.

त्या विमानातून गमेलीचं खोकं मात्र गेलं. सूसीचा फोन आला, “बाबा, खोकं पोचलं. सगळ्या आळीने खाल्लं. तुम्ही कधी येताय?” एक गोठलेलं खोकं आपल्या आधी पोचतं याचा जेपुटीला फारच अपमान वाटला, आणि त्याने ते बोलूनही दाखवलं.

“खोक्याला कुणी गुडघा विचारत नाही,” कूनू म्हणाली.

मग दोघं उलायुककडे राहायला गेले. उलायुक जेपुटीचा चुलत भाऊ. त्याच्या घरी आधीच नऊ माणसं होती, त्यामुळे आणखी दोन कुणाच्या लक्षातही आली नाहीत. शुक्रवारी सकाळी जेपुटी विमानतळावर समक्ष रांगेत उभा राहायला गेला, कारण फोनवर माणसाचं वजन पडत नाही असं त्याचं मत होतं. तो रांगेत असतानाच उलायुकच्या घरी फोन वाजला आणि कूनूने उचलला.

“कूनू आजी ना?” विमान कंपनीची मुलगी आपल्याच भाषेत बोलत होती. “आज दुपारच्या विमानात दोन जागा मोकळ्या झाल्यात. येणार का तुम्ही?”

कूनूने भुवया वर केल्या.

“आजी? येणार ना?”

कूनूने त्या आणखी वर केल्या.

“आजी, ऐकू येतंय का? हो की नाही ते सांगा, मागे लोक थांबलेत.”

तिसऱ्या वेळी कूनूने भुवया अशा चढवल्या की डोक्यावरचा रुमाल मागे सरकला. पलीकडून फोन बंद झाला. आणि विमानतळावर, जेपुटीच्या नाकासमोर, त्या दोन जागा बर्फ मोजायला आलेल्या दोन तरुणांना मिळाल्या.

“मी तीनदा विचारलं हो,” काउंटरवरची मुलगी जेपुटीला म्हणाली. “म्हातारीने उत्तरच दिलं नाही.”

जेपुटी घरी आला. कूनू पिशवी भरून, कोट घालून, दाराजवळच्या स्टुलावर बसली होती.

“आई, फोन आला होता?”

भुवया वर.

“तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

“तोंडाने?”

कूनूने त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या मुलाला हे विचारावंसं वाटलंच कसं. “उत्तर दिलं मी,” ती म्हणाली. “तीनदा दिलं.”

जेपुटीला रागावता आलं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याने लीटियाला फोनवरच लग्नाचं विचारलं होतं. तिने तिकडे भुवया उचलल्या, इकडे त्याला नुसती शांतता ऐकू आली, आणि तो एक महिनाभर दाढी वाढवून हिंडला. त्याने आईच्या खांद्यावरून कोट काढला, खुंटीला लावला, आणि सोमवारचं विमान आहे असं सांगितलं. कूनू स्टुलावरून उठली नाही. तिथेच बसून तिने चहा घेतला.

सोमवारी विमान निघालं. निघताना स्वच्छ ऊन होतं. कूनू डाव्या खिडकीशी, कारण डावी खिडकी बहुमताने ठरली होती. अडीच तास ती हलली नाही. आर्क्टिक बे जवळ आलं तेव्हा खाली डोंगर दिसले, खाडी दिसली, आणि जिथे गाव असायला हवं तिथे धुकं होतं. विमानाने एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला धुक्यात एक फट पडली आणि तेवढ्या वेळात कूनूला पाचसहा घरांची छपरं दिसली.

“त्यातलं सूसीचं कुठलं?” तिने विचारलं.

“निळं,” जेपुटी म्हणाला. फट मिटली.

मग वैमानिकाचा आवाज आला. उतरता येत नाही. इंधनाच्या हिशेबाने जवळच्या विमानतळावर जात आहोत. पाँड इनलेट. वेळ, चाळीस मिनिटं.

विमानात आठ माणसं होती, त्यांतली तीन आमच्या गावची. त्या तिघांनी मान वळवून जेपुटीकडे पाहिलं आणि सभ्यपणाने परत वळवली. जेपुटीने घड्याळ बघितलं. त्याने खिशातला कागद काढला नाही, पण कोटावरून हाताने तो आहे ना हे चाचपलं. सगळ्या प्रवासात तो आकडा पहिल्यांदाच खरा ठरत होता, फक्त तोंड उलट्या दिशेला होतं.

“तेव्हाही असंच झालं होतं,” कूनू खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तेव्हाही विमान आपल्या गावावरून तीनदा फिरलं. खाली आपलं घर दिसलं मला. मग परत मागे नेलं.”

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तो आठ दिवस ड्रायव्हरवर, खिडकीवर, खोक्यावर रागावत होता, आणि त्याला आत्ता कळलं, की आपण या बाईला पुन्हा त्याच विमानात बसवलं. ज्या माणसाने तिला चाळीस मिनिटं म्हणून सांगितलं तो काही ‘तीन दिवसांत येते’ म्हणणारीपेक्षा जास्त शहाणा नव्हता. तिला तरी डोळ्याचं निमित्त होतं. त्याला नुसतं गमेलीच्या पेटीत बसायचं नव्हतं. त्याला खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटायला कागद लागला नाही.

“आई,” तो म्हणाला, “माझं चुकलं.”

कूनूने भुवया वर केल्या, आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. विमान अडतिसाव्या मिनिटाला टेकलं.

गमेली विमानतळावर गाडी घेऊन उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर जेपुटीने ते सोसलं असतं; त्याने नुसतं सामान उचलून मागे टाकलं आणि म्हणाला, “स्लेज भरून ठेवलीय, मावशी. कातडी अंथरलीत.”

“कधी भरलीस?” जेपुटीने विचारलं.

“तू तिकिटं काढलीस त्या दिवशी, दाजी.”

मंगळवारी सकाळी निघण्याआधी कूनूने पुन्हा रेडिओला फोन लावला. “आम्ही म्हाताऱ्याकडे निघालोय,” ती म्हणाली. “स्लेजने. किती वेळ लागेल ते सांगत नाही.” आणि जेपुटी लाकडी पेटीत, तोंड मागे करून, बसला, कारण आईच्या पाठीला टेकू लागत होता आणि थर्मास कुणीतरी धरायला हवा होता. मुलं बाहेर उभी होती. त्याने त्यांना हात केला.

दोन मुक्काम झाले. सूर्य मावळत नव्हता, तेव्हा झोप आली की तंबू आणि जाग आली की प्रवास. कूनू वाटेतले सगळे डोंगर नावाने सांगत होती आणि दुसऱ्या दिवशी तिने दहा दिवसांत पहिल्यांदा गाणं गुणगुणलं. जेपुटी सबंध वाटभर जे मागे पडलं तेच बघत गेला, आणि तेही चांगलं दिसत होतं. गुरुवारी दुपारी आर्क्टिक बे आलं. धुकं तसंच होतं. स्लेज त्याच्या खालून गेली.

गमेली कूनूला कातड्यांतून सोडवत होता तेवढ्यात जेपुटी पुढे घरात शिरला. घर हिरवं निघालं. बाळ पलंगावर उताणं पडून छताकडे बघत होतं. जेपुटीने टोपी काढली.

“बाबा,” तो अदबीने म्हणाला, “मी जेपुटी. विमानानेच आणणार होतो, पण…”

बाळाने नाक आक्रसलं.

आग्लाकने हयातभर जेपुटीच्या कचेरीतल्या नोकरीबद्दल हेच मत दिलं होतं. जेपुटी मागे सरकून भिंतीशी उभा राहिला.

मग कूनू आत आली. तिने कोट काढला, हात एकमेकांवर चोळून गरम केले, पलंगाच्या कडेला बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं. त्याच्या डोक्यावर कानटोपी नव्हती, हे तिने आधी बघितलं. सूसीने किटलीखालचा गॅस बंद केला.

“आग्लाक,” ती म्हणाली. तिला नवऱ्याला नावाने हाक मारताना जेपुटीने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. “तीन दिवसांत येते म्हणाले होते. मला उशीर झाला. हवा नव्हती रे. वरून घर दिसत होतं.”

बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. मग त्याच्या दोन्ही भुवया, हळूहळू, जाऊ शकत होत्या तेवढ्या वर गेल्या.

“आजी,” सूसी थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “लहान बाळं करतात गं तसं. आपोआप होतं.”

कूनूने मान वर केली नाही. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

“उत्तर दिलं त्याने,” ती म्हणाली.

जेपुटी भिंतीशी उभा होता. त्याने मान वळवून मुलीकडे पाहिलं आणि आईच्या बाजूने, तोंडाने, स्पष्ट आवाजात सांगितलं, “हो. दिलं.”